गव्हाचा चीक, मातीचा किल्ला

कुरडया घालायच्या दिवशी घर पहाटेच जागे होते. गहू तीन दिवस भिजलेला असतो, त्याचे पाणी रोज बदललेले असते. आदल्या दिवशी तो वाटून, फडक्यातून पिळून त्याचे सत्त्व काढलेले असते आणि रात्रभरात ते पातेल्याच्या तळाशी घट्ट बसलेले असते. सकाळी वरची निवळ ओतून टाकायची, उकळत्या पाण्यात मीठ-हिंग टाकायचे आणि मग एकीने चीक ओतायचा, दुसरीने लाकडी दांड्याने तो घाटत राहायचा. इथे हात थांबला की गुठळी झालीच. दुधासारखे पांढरे ते पाणी बघता बघता दाट, चकचकीत होते, खदखदू लागते. सोऱ्यात भरण्याआधी मुलांच्या वाट्यांत एकेक डाव चीक पडतो. कुणाला त्यावर तेल हवे असते, कुणाला दूध-साखर. नंतर गच्चीवर किंवा अंगणात कुरडयांच्या रांगा वाळत पडतात आणि हातात काठी घेऊन कावळे हाकलायला मुलांनाच बसवले जाते. राखणदारच अर्धवट वाळलेली एखादी कुरडई तोंडात टाकतो, हे सगळ्यांना माहीत असते. तेवढे धरूनच आजीने गहू भिजत घातलेला असतो.

पन्नाशीच्या माणसाला बालपणातले काही आठवायला सांगा. वाटीतला तो गरम चीक, पापडाच्या तेलात बुडवलेल्या लाट्या, गच्चीवरचे ते ऊन निघण्याची शक्यता बरीच असते. त्याच वर्षी आईवडिलांनी हौसेने विकत आणलेल्या वस्तू मात्र त्याला सांगता येतीलच असे नाही. असे का होते आणि आजच्या घरांत ते कसे घडवता येईल, हा या प्रकरणाचा विषय आहे.

स्मरणशक्तीच्या अभ्यासात एंडेल टल्व्हिंग या मानसशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये एक महत्त्वाचा भेद मांडला. ‘कोकणात पाऊस जास्त पडतो’ हे ज्ञान आपल्या डोक्यात एका प्रकारे राहते आणि ‘त्या वर्षी आजोळी जाताना आम्ही भिजलो होतो’ ही घडलेली गोष्ट दुसऱ्या प्रकारे. पहिल्या प्रकारात नुसती माहिती असते. दुसऱ्या प्रकारात आपण त्या क्षणात परत जातो. आता यात एक अडचण आहे. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा घडली की मेंदू प्रत्येक वेळेची वेगळी नोंद ठेवत नाही. सगळ्यांचा मिळून तो एक आराखडा करतो. रोज शाळेत गेलो, पण शाळेतला एकेक दिवस आठवत नाही, तो यामुळे. तीन-साडेतीन वर्षांची मुलेही ‘वाढदिवसाला काय काय होते’ हे क्रमवार सांगतात, पण ‘मागच्या वाढदिवसाला काय झाले’ विचारले की गडबडतात.

मग दरवर्षी तेच ते करून आठवण कशी तयार होणार? ती तयार होते, कारण आराखडा पक्का असला की त्यातला बदल उठून दिसतो. दरवर्षी कुरडया होत असतील तरच ‘ज्या वर्षी ऐन वेळी वळीव आला आणि आम्ही सगळ्यांनी चादरी धरून कुरडया घरात पळवल्या’ ते वर्ष लक्षात राहते. एकदाच केलेल्या गोष्टीत नेमके काय वेगळे झाले, ते मुलाला कळत नाही. रीत ठरलेली हवी आणि तिच्यात दरवर्षी थोडे इकडेतिकडे व्हायला मोकळीक हवी. या दोन गोष्टी एकत्र आल्या की आठवणीला धरायला जागा मिळते.

महाराष्ट्रातल्या मुलांच्या वाट्याला आलेली याची सर्वांत सुंदर रीत म्हणजे दिवाळीचा किल्ला. ती नेमकी कधी सुरू झाली याच्या वादात मी पडत नाही, पण पुणे-साताऱ्याच्या वाड्यांपासून मुंबईच्या चाळींपर्यंत सहामाही परीक्षा संपली की मुलांचे हात मातीत जात. अजूनही कित्येक ठिकाणी जातात. आधी दगड, विटांचे तुकडे, फुटक्या कुंड्या गोळा करून डोंगराचा उठाव करायचा. त्यावर गोणपाट टाकायचे. माती चाळून तिचा गारा करायचा आणि तो पोत्यावर थापत जायचा. बोटांनी पायऱ्या कोरायच्या, डबा उपडा घालून बुरूज काढायचा, जुन्या वाटीचे पाण्याचे टाके करायचे. भुयार हवेच. ते कुठून कुठे जाते हे ठरवण्यात एक अख्खी दुपार जाते. मग उतारावर अळीव नाहीतर मोहरी पेरायची आणि हाताने हलकेच पाणी शिंपडत राहायचे. अळीव तीन-चार दिवसांत हिरवे होते, म्हणून वसुबारसेच्या आधीच पेरणी उरकावी लागते, हा हिशेब सात वर्षांच्या पोरालाही पाठ असतो. शेवटी खोक्यातून कागदात गुंडाळलेले मावळे निघतात. सिंहासनावर महाराज बसतात. पायथ्याशी गवळण, पाटीवाली, तोफ आणि तोफेपेक्षा मोठा वाघ. प्रमाणाची कुणाला फिकीर नसते, आणि नसावीच.

या किल्ल्यात आठवण टिकवणाऱ्या जवळजवळ सगळ्या गोष्टी आहेत. काम हाताचे आहे आणि ते खरे आहे. मुलाला वाटावे म्हणून लावलेले खोटे काम नाही. बुरूज त्याने नीट लिंपला नाही तर तो ढासळणारच आहे. मोठ्या भावंडाने धाकट्याला शिकवायचे असते. पहिल्या वर्षी पाणी आणून द्यायचे, दुसऱ्या वर्षी माती मळायची, तिसऱ्या वर्षी पायऱ्या कोरायला मिळतात आणि एक दिवस महाराजांची मूर्ती ठेवण्याचा मान. घरात असलेल्या जागेप्रमाणे, हाताशी असलेल्या सामानाप्रमाणे दरवर्षी किल्ला वेगळा होतो, पण रीत तीच. दिवाळी संपली की तो मोडतो, मावळे खोक्यात परत जातात. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्या दगडापासून सुरुवात.

वडीलधाऱ्यांनी थोडे लक्ष घातले तर याच मातीतून इतिहास-भूगोलही हाताला लागतो. राजगड करायचा म्हटला की पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या आणि मधला उंच बालेकिल्ला करावाच लागतो. सिंधुदुर्ग करायचा तर चहूबाजूंनी पाणी कसे राखायचे हा प्रश्न येतो. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यातले ११ महाराष्ट्रात आहेत आणि बारावा तामिळनाडूतला जिंजी. या बारांतला एकेक किल्ला दरवर्षी करायचा असे घराने ठरवले तर दुसरीतल्या मुलाचे शाळाशिक्षण संपेल तेव्हा जवळजवळ सगळे झालेले असतील. त्याला जिंजी कुठे आहे ते नकाशात शोधावे लागणार नाही.

अलीकडे प्लास्टरचे तयार किल्ले बाजारात मिळतात. आईवडिलांना वेळ नसतो, सोसायटीत माती मिळत नाही, हे मला कळते. पण तयार किल्ला आणून गॅलरीत ठेवला की मुलाच्या हाती फक्त मावळे मांडण्याचे काम उरते. माती नसेल तर दोन कुंड्यांतली माती घ्या, वीतभर किल्ला करा. वीतभर चालेल. विकतचा नको.

हात जसे लक्षात ठेवतात तसे नाकही. वासाची वाट मेंदूत इतर इंद्रियांपेक्षा वेगळी आहे. डोळ्यांनी पाहिलेले आणि कानांनी ऐकलेले आधी थॅलॅमस नावाच्या मधल्या ठाण्यातून पुढे जाते. गंधाचा संदेश मात्र थेट भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांच्या शेजारी पोचतो. स्वीडनमध्ये योहान विलांडर आणि मारिया लार्सन यांनी २००६ मध्ये वयस्क माणसांवर केलेल्या प्रयोगात असे दिसले की शब्द किंवा चित्र दाखवल्यावर लोकांना बहुतेक तरुणपणाच्या आठवणी येतात, पण वास दिल्यावर त्या मागे, वयाच्या पहिल्या दहा वर्षांत जातात.

नरक चतुर्दशीची पहाट आठवा. थंडीत अंगाला चोळलेले कोमट तेल, पाटाभोवतीची रांगोळी आणि उटणे. वाळा, नागरमोथा, चंदन, आंबेहळद, कपूरकाचरी यांचा तो एकत्र वास वर्षभर घरात कुठेच नसतो. त्याचे बळ यातच आहे. जो वास रोज येतो तो कुठल्याच एका दिवसाशी बांधला जात नाही. उटणे वर्षातून एकदाच निघते, म्हणून चाळीस वर्षांनी परदेशात कुणी त्याची पुडी फोडली तरी ती एकाच पहाटेकडे नेते. कोकणात याच्या जोडीला तुळशीपाशी डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडतात, गोविंदाचा गजर करतात आणि कारिटाचा कडूपणा जिभेला लावतात. मग फराळ. गोव्यात त्या सकाळी फोव, म्हणजे पोहे. दुधातले, ताकातले, नारळाच्या रसातले, गूळ-खोबऱ्यात कालवलेले, बटाट्याचे. शेजारच्या घरी जायचे ते त्यांचे फोव खायला आणि आपले त्यांना द्यायला. कडू आणि गोड एकाच सकाळी, ठरलेल्या क्रमाने जिभेवर येतात. मुलांच्या स्मरणात ते पक्के बसते, यात नवल नाही.

पण रोजच्या सवयी आणि रीत यांत फरक कुठे पडतो? या प्रश्नाचा अभ्यास बराच जुना आहे. अमेरिकेत जेम्स बोसार्ड आणि एलिनॉर बोल यांनी १९५० मध्ये कुटुंबातल्या विधींवर एक पुस्तकच लिहिले. पुढे २००२ मध्ये बार्बरा फीज आणि तिच्या सहकाऱ्यांनी मागच्या ५० वर्षांतले ३२ अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यांनी केलेला भेद मला फार उपयोगी वाटतो. सवय ही काम उरकण्यासाठी असते. ती मोडली तर थोडी गैरसोय होते, एवढेच. रीत मोडली तर काहीतरी हरवल्यासारखे वाटते, कारण तिच्यात ‘आपल्या घरात हे असे करतात’ ही ओळख असते. शनिवारी रात्री खिचडी करणे ही सवय झाली. पण शनिवारी खिचडी, तिच्यावर ज्याने त्याने आपल्या हाताने तूप वाढून घ्यायचे, पापड वडिलांनीच भाजायचे आणि आठवड्यात काय काय झाले ते धाकट्यापासून सुरू करून सगळ्यांनी सांगायचे, ही रीत. खर्च तोच आणि वेळही तेवढाच.

अशी रीत संकटात कशी उपयोगी पडते हे स्टीव्हन वोलिन आणि लिंडा बेनेट यांच्या १९७९ च्या अभ्यासात दिसते. त्यांनी दारूचे व्यसन असलेल्या पालकांची घरे पाहिली. ज्या घरांत रात्रीचे एकत्र जेवण, सण, सुट्ट्या या गोष्टी व्यसनाने गिळून टाकल्या होत्या, तिथे पुढच्या पिढीत व्यसन उतरण्याचे प्रमाण जास्त दिसले. जिथे घराने हट्टाने जेवणाची वेळ आणि सण सांभाळले, तिथे ते कमी होते. जेवणाचे ताट व्यसन सोडवत नाही, तसा दावाही कुणी करू नये. पण घरातले एक माणूस डळमळले तरी घर चालू आहे, एवढा भरवसा त्या ताटाने मुलांना दिला. ज्या आया नवऱ्याच्या व्यसनातही दसऱ्याला दाराला झेंडूचे तोरण लावत राहिल्या, त्या काय करत होत्या हे या अभ्यासामुळे समजते. ते तोरण मुलांसाठी होते.

भोंडल्याकडे मी नेहमी एका वेगळ्या कारणाने पाहते. अश्विनात पाटावर हत्ती काढून त्याभोवती फेर धरायचा. पश्चिम महाराष्ट्रात हा भोंडला, कुठे हादगा. विदर्भ-खानदेशात भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली भुलाबाई बसवतात. गाणी झाली की खिरापत ओळखायची. झाकलेला डबा, आणि सगळ्या मुली प्रश्न विचारणार. गोड की तिखट? कोरडे की ओले? डबा कानाशी धरून हलवायचा, आवाज ऐकायचा. ओळखता येऊ नये म्हणून काहीतरी चमत्कारिक करण्यात आयांची चुरस लागते. कुणी सांजा करील, कुणी भिजवलेल्या डाळीला लिंबू पिळील. पदार्थ साधाच असतो. वाढण्याआधी तो लपवला जातो आणि तेवढ्याने त्याचा प्रसंग होतो. वाट पाहायला लावणे ही कुठल्याही घरगुती रीतीतली मोठी युक्ती आहे आणि ती कुणालाही, कुठल्याही दिवशी वापरता येते. मुलग्यांना यातून बाहेर ठेवायचे काही कारण मला दिसत नाही. डबा हलवून ओळखायला त्यांनाही आवडते.

एखादी छोटी घरगुती रीत किती मोठा भार पेलू शकते, याचे उदाहरण कोकणातच आहे. बेने इस्रायल हे मराठी बोलणारे ज्यू. त्यांच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले. जवळ धर्मग्रंथ राहिले नाहीत, धर्मगुरू नव्हते. ते तेलाचा घाणा चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावांनी त्यांना शनिवार तेली म्हटले. त्यांच्यात अशी कथा सांगतात की दाविद रहाबी नावाचा ज्यू प्रवासी आला, तेव्हा त्याने त्यांच्या बायकांना मासे निवडायला दिले. त्यांनी पर आणि खवले असलेले मासे एकीकडे काढले, कारण तेवढेच खायचे असतात. त्यावरून त्याने त्यांना ओळखले. ग्रंथ हरवले होते, पण शनिवारची सुटी आणि मासे निवडण्याची पद्धत घराघरांतून टिकली होती. लग्न, नवे घर, नवस अशा प्रसंगी घरात मालिदा करण्याची रीतही त्यांनी सांभाळली. पोहे, ओले खोबरे, साखर, वेलदोडा, फळे यांचे ताट एलियाहू प्रेषिताच्या नावाने ठेवतात. १९४८ नंतर त्यांतले बरेच जण इस्रायलला गेले, तिथेही मालिदा होतो. कोकणातले पोहे आणि नारळ हिब्रू प्रार्थनेबरोबर एका ताटात बसतात.

आता अशा गोष्टीकडे येऊ जिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. आठवण तयार होते प्रसंगात, पण टिकते सांगण्यात. न्यूझीलंडमध्ये हार्लीन हेन आणि सहकाऱ्यांनी लोकांना त्यांची सर्वांत जुनी आठवण विचारली. युरोपीय वंशाच्या लोकांची ती सरासरी साडेतीन वर्षांच्या वयाची निघाली. माओरी लोकांची जवळजवळ पावणेतीन वर्षांची. माओरी समाजात पूर्वजांच्या, जन्माच्या, गतकाळाच्या गोष्टी सांगण्याला मोठा मान आहे. एलेन रीस यांनी पुढे पाहिले की माओरी आया मुलांना त्यांच्या जन्माची गोष्ट जास्त तपशिलाने सांगतात. लहान मुलाशी घडून गेलेल्या गोष्टींबद्दल जितके बोलाल, प्रश्न विचाराल, त्याने दिलेल्या तुटक उत्तराला धरून गोष्ट पुढे न्याल, तितकी त्याची स्वतःची आठवण घट्ट होते, हे रीस यांच्या आणि इतरांच्या कामातून पुन्हा पुन्हा दिसले आहे.

आपल्याकडे ही रीत होती. ‘तू झालास त्या रात्री धो धो पाऊस होता आणि तुझा मामा छत्री विसरून धावला’ ही गोष्ट प्रत्येक वाढदिवसाला औक्षण करताना आजी सांगत असे, आणि मामा प्रत्येक वेळी थोडा जास्त भिजत असे. चालेल. मूल ती गोष्ट ऐकते तेव्हा ते या घरात कसे वाट पाहून आले हे त्याला कळते. आता वाढदिवसाचे फोटो शेकड्यांनी निघतात आणि फोनमध्ये पडून राहतात. फोटो वाईट नाहीत. पण महिन्यातून एकदा ते मुलाबरोबर बसून पाहिले, ‘हा कोण, इथे तू का रडत होतास’ असे विचारले, तरच त्यांचा उपयोग.

अटलांटातल्या एमरी विद्यापीठात मार्शल ड्यूक आणि रॉबिन फायवुश यांनी २००१ च्या सुमारास मुलांसाठी २० प्रश्नांची यादी केली. आजीआजोबा कुठे वाढले ते माहीत आहे का? आईवडील कसे भेटले? तुझे नाव असे का ठेवले? घरावर कोणता वाईट प्रसंग आला होता? ज्या मुलांना जास्त उत्तरे माहीत होती त्यांचा आत्मविश्वास आणि आपल्या आयुष्यावर आपली काही पकड आहे ही भावना अधिक बळकट दिसली. ड्यूक यांनीच बजावले आहे की उत्तरे पाठ करून घेतल्याने काही होत नाही. एकत्र बसून ती गोष्ट कुणीतरी सांगितलेली असते, त्याने होते. आणि नुसती भरभराटीची गोष्ट पुरत नाही. ज्या घराने ‘आम्ही चढलो, पडलो, पुन्हा उभे राहिलो’ असे सांगितले, त्या घरातली मुले जास्त खंबीर निघतात, असे त्यांचे म्हणणे.

मराठी घरांत अशा गोष्टींना तोटा नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले तेव्हा पुण्यातल्या कित्येक घरांतला संसार वाहून गेला. १९७२ च्या दुष्काळात लोकांनी खडी फोडली आणि लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या. १९८२ च्या गिरणी संपात गिरणगावातली घरे बसली आणि मुलांनी शाळा सोडून कामे धरली. १९९३ मध्ये किल्लारीच्या भूकंपात गावे गेली. त्या दिवसांतून आलेली माणसे अजून आपल्यात आहेत, पण मुलांना ते का सांगायचे, दुःख कशाला उगाळायचे, म्हणून ती गप्प राहतात. त्यांनी सांगायला हवे. दसऱ्याला सोने द्यायला आजोबांकडे जाता तेव्हा नमस्कार करून दहा मिनिटांत परत फिरू नका. त्यांना एक गोष्ट सांगू द्या, दरवर्षी एक.

एक गोष्ट स्पष्टपणे बोलायला हवी. परंपरेच्या नावाखाली घरातल्या एकाच बाईच्या कंबरेवर सगळे ओझे टाकले जाते. चकली, चिवडा, अनारसे, शंकरपाळे तिनेच करायचे, पाहुणे तिनेच वाढायचे, शेवटच्या पंगतीला उरलेले तिनेच खायचे, आणि लक्ष्मीपूजनाला ती थकून भिंतीला टेकलेली. मुलांच्या लक्षात ते टेकणेही राहते. अशी परंपरा टिकू नये. घरात चार माणसे असतील तर चार हात शंकरपाळे कापतील, सोऱ्या बाबा दाबतील आणि तीनच पदार्थ होतील. अनारसे विकत आणा. बिघडत नाही. जे करायचे ते सगळ्यांनी मिळून करणे, हीच त्या दिवसाची मुख्य रीत समजा.

म्हणून नवीन सुरुवात करणाऱ्या घराला माझा सल्ला छोटाच असतो. खूप काही ठरवू नका. वर्षातून एकदाची एक गोष्ट आणि आठवड्यातून एकदाची एक गोष्ट निवडा. निवडताना तीन गोष्टी पाहा. मुलाच्या हाताला काम आहे का, त्यात काही तरी वास-चव आहे का, आणि पैसे नसतील त्या वर्षीही ती करता येईल का. तिसरी अट सगळ्यात महत्त्वाची. महागड्या हॉटेलातला वाढदिवस नोकरी गेली की बंद पडतो. दरवाजाच्या चौकटीवर पेन्सिलीने दर पाडव्याला मुलांची उंची मारायची असेल तर नोकरी गेली तरी पेन्सिल असते. भाड्याचे घर असेल आणि चौकटीवर लिहिता येत नसेल तर कापडी पट्टी घ्या आणि घर बदलताना ती गुंडाळून बरोबर न्या.

रक्तातली, जातीतली, गावातली जुनीच रीत हवी असाही आग्रह नको. मुलगा बंगळुरूला, सून आसामची, नातवंडे इंग्रजीतून बोलणारी, अशी घरे आज सर्वत्र आहेत. तिथे माघ बिहूचा पिठा आणि संक्रांतीची गुळपोळी एकाच महिन्यात येतात, कारण दोन्ही सण जानेवारीच्या मध्याला पडतात. तिळाचे सारण दोन्हींत असते. ते एकत्र कुटता येईल. अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांमधून भोंडला थंडी पडायच्या आधीच्या शनिवारी होतो. तिथी चुकते, खिरापत चुकत नाही. लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून चालू आहे, ते अशा चुकलेल्या तिथींवरच. मुलांना पंचांग आठवणार नाही. कोण कोण आले होते, ते आठवेल.

मूल मोठे होताना बारा-तेराव्या वर्षी कंटाळून म्हणेल, ‘हे काय दरवर्षी तेच?’ तेव्हा रीत सोडू नका आणि त्याला ओढूही नका. त्याच्या हाती ती सोपवा. या वर्षी खिरापत तू ठरव. किल्ला कोणता करायचा ते तू सांग, धाकटीला तू शिकव. ज्याच्यावर रीत चालवायची जबाबदारी पडते तो ती सहसा मोडत नाही.

येत्या रविवारी एक वही आणा. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ मुलांना बसवा. त्यांच्या लहानपणी घरात कोणता दिवस कसा साजरा होई ते मुलांना विचारू द्या आणि उत्तरे मुलांच्याच हस्ताक्षरात उतरवून घ्या. त्यांतली एक गोष्ट याच वर्षी घरात करून पाहा. ती माणसे आहेत तोवरच हे होण्यासारखे आहे, म्हणून पुढच्या सुट्टीपर्यंत थांबू नका.